कांचेंतला समुद्र

गृहस्थाच्या घरांत नकळत होणाऱ्या हिंसेचा हिशेब आपल्या स्मृतिकारांनीं मोठ्या बारकाईनें ठेविला आहे. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पांच ठिकाणीं रोज जीव मरतात. म्हणून मनुस्मृतींत त्यांस 'पंचसूना' म्हणजे घरांतले पांच कत्तलखाने असें म्हटलें आहे, व त्या दोषाच्या निवारणासाठीं पंचमहायज्ञ सांगितले आहेत. या पांचांवांचून संसार चालत नाहीं, हें त्या व्यवस्थेचें मर्म होय. ज्या हिंसेवांचून जगतांच येत नाहीं, तिला प्रायश्चित्त आहे. परंतु जिच्यावांचून आपण सुखानें जगलों असतों, जी केवळ डोळ्यांच्या आनंदासाठीं, आणि तीहि प्रेमानें, आपण घरांत आणून ठेविली, तिची नोंद कोणत्या वहींत करावी? हा प्रश्न आम्हांस यंदाच्या पावसाळ्यांत अड्याळास एका कांचेच्या पेटीसमोर उभे असतां पडला.

अड्याळ हें भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्याचें गांव. (ब्रह्मपुरीकडची अड्याळ टेकडी ती निराळी.) हा सारा मुलूख तलावांचा. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं बांधलेले तलाव अजून येथल्या धानाला पाणी पाजतात. त्यांस 'मामा तलाव' म्हणतात, तेव्हां परगांवच्या माणसास तो कोणाचा मामा असा संशय येतो. वस्तुतः तीं 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें गेली, तलाव राहिले, आणि तलावांबरोबर ढिवर लोकांची विद्या राहिली. रोहू, कटला, मरळ, मागूर यांची येथें वाण नाहीं. समुद्र मात्र कोणत्याहि बाजूनें गेलें तरी शेंकडों मैल दूर, आणि गांवांतील कित्येक वृद्धांनीं तो जन्मांत पाहिलेला नाहीं. अशा गांवीं, आमच्या बहिणीच्या घरीं, आमच्या भाच्यानें समुद्र करावयाचें मनावर घेतलें.

भाचा सोळा वर्षांचा. बुद्धीनें तल्लख, स्वभावानें हळवा. लहानपणीं त्यानें 'फाइंडिंग नीमो' हा २००३ सालचा चित्रपट पाहिला होता. समुद्रांतून पकडून नेलेल्या एका लहानग्या माशाची घरीं परतण्याची धडपड ही त्या चित्रपटाची कथा. आणि ती पाहून या मुलास काय वाटावें, तर तसा मासा आपल्या घरीं असावा! माणसाच्या कळवळ्याची ही तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे. पण तिला हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें पुढें दिसेलच. दहावीच्या परीक्षेंत चांगलें यश मिळाल्यावर वडिलांनीं त्यास शंभर लिटर पाण्याची कांचपेटी, पंप, दिवा आणि समुद्राचें पाणी करावयाचें मीठ आणून दिलें. हें मीठ स्वयंपाकघरांतलें नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार समुद्रांत असतात त्या प्रमाणांत मिसळलेले असतात, व लिटरला सुमारें ३५ ग्रॅम घातलें कीं खारेपणा समुद्राच्या बरोबरीस येतो. पाणी स्फटिकासारखें स्वच्छ झालें. चवथ्या दिवशीं नागपुराहून दोन विदूषक मासे आले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. पाहावयास आळी लोटली. तिसऱ्या दिवशीं एक मेला, व पांचव्या दिवशीं दुसरा.

घरांत ज्याचा त्याचा निकाल झाला. आमचे भाऊजी म्हणाले, दुकानदारानें रोगी माल दिला. शेजारी म्हणाले, समुद्राचा जीव तो, येथें कसा जगावा? बहीण कांहींच बोलली नाहीं; तिनें त्या सांजेस देवापुढें दोन वाती अधिक लावल्या. भाचा तेवढा म्हणत होता कीं, पाणी अजून पिकलेलें नाहीं असें आपल्या वाचनांत आलें आहे, महिना-दीड महिना थांबावें. त्यावर आम्ही म्हणालों, "अरे, पाणी म्हणजे का आंबा आहे पिकावयास?" सारे हंसले, तोहि हंसला. आणि पुढच्या रविवारीं, त्याचें उतरलेलें तोंड पाहवेना म्हणून, आम्हीं स्वतः नागपुराहून तिसरा मासा आणला.

एस्. टी. च्या गाडींत ती प्राणवायु भरलेली पिशवी आम्हीं सारा वेळ मांडीवर धरली होती, व शेजारच्या उतारूस धक्का लागूं देऊं नका म्हणून विनवीत होतों. अड्याळास पोंचल्यावर पिशवीचें तोंड उघडून, पेटींतलें पाणी अर्धी अर्धी वाटी करून तींत घालीत तासभर बसलों. इतक्या मायेनें आम्हीं कोणत्याहि पाहुण्यास घरांत घेतलें नसेल. दुसरे दिवशीं सकाळीं मासा तळाशीं आडवा पडला होता. कल्ले मात्र भराभर हालत होते. दुपारपर्यंत तेहि थांबले. भाचा पेटीजवळून उठला तो आमच्याकडे न पाहतां आंत गेला.

त्यानंतरच्या दिवसांत या विषयावर जें मिळालें तें आम्हीं वाचलें, जाणत्यांस विचारलें, आणि जें कळलें तें लाज वाटावी इतकें सोपें होतें.

मासा जें खातो त्यांतील नत्राचा बराच भाग तो अमोनियाच्या रूपानें, मुख्यत्वेंकरून कल्ल्यांवाटे, बाहेर टाकतो. समुद्रांत हा टाकलेला मळ कोठें जातो याची त्यास चिंता नसते. पेटींत तो तेथेंच साचतो, आणि मासा आपल्याच श्वासाच्या विषांत पोहूं लागतो. हें विष खाणारे सूक्ष्म जंतु सृष्टींत आहेत. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि तें पुष्कळच सौम्य असतें. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून त्यांचें कार्य सिद्ध केलें. ताज्या कालविलेल्या पाण्यांत त्यांची वस्ती नसते. वाळूच्या कणांवर, दगडांच्या छिद्रांत ती हळूहळू वाढते, व पुरती व्हावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या मुदतींत पेटींत मासा घालूं नये. थोडा अमोनिया बाहेरून घालून जंतूंस पोसावें, व घातलेला अमोनिया आणि त्याचें नायट्राइट हीं दोन्हीं एका दिवसांत नाहींशीं होऊं लागलीं म्हणजे पाणी पिकलें असें समजावें. तेव्हां भाच्याचा शब्द अक्षरशः खरा होता. आमचें पाणी निर्मळ होतें, पण तें निर्जीव होतें. गांवचा तलाव गढूळ, शेवाळलेला, त्यांत म्हशी डुंबतात. आणि त्यांत मासे जगतात. शुद्धता डोळ्यांनीं ठरविण्याची जी आपली जुनी खोड आहे, तिनें येथें तीन जीव घेतले.

तिसऱ्या माशाची गोष्ट तर याहून टोंचणारी आहे. पहिल्या दोघांचें विष पाण्यांत होतेंच. पण आमच्या त्या तासभराच्या मायेनें त्यांत भर घातली. बंद पिशवींत माशाच्या श्वासानें कार्बन डायऑक्साइड वायु साठतो व पाणी किंचित् आम्ल होतें. अशा पाण्यांत अमोनिया बहुतेक निरुपद्रवी रूपांत पडून राहतो. तोंड उघडलें कीं तो वायु निघून जातो, पाणी पुन्हा अल्कधर्मी होतें, आणि तोच अमोनिया आपलें विषारी रूप धारण करितो. समुद्राचें पाणी स्वभावतःच अल्कधर्मी असल्यानें हा धोका गोड्या पाण्याहून कित्येक पटींनीं अधिक. जाणते लोक पिशवी बंद ठेवूनच पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवितात, दोहोंची उष्णता समान होऊं देतात, खारेपणा आधीं मोजून सारखा करितात, आणि पिशवी उघडल्यावर विलंब लावीत नाहींत. धीर हा सद्गुण खरा. परंतु कोठें थांबावें आणि कोठें थांबूं नये हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याचा धीरहि मारक होतो.

खारेपणाचें एक वेगळेंच आहे. तलावांतला मासा पाणी पीत नाहीं म्हटलें तरी चालेल. पाणी त्याच्या अंगांत आपोआप शिरतें व तो तें बाहेर टाकीत असतो. समुद्रांतल्या माशाच्या रक्ताचा खारेपणा समुद्राच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. म्हणून त्याच्या अंगांतलें पाणी सतत बाहेर ओढलें जातें. चोहोंकडे पाणी असून तो तहानेनें मरणाच्या वाटेवर असतो. त्यासाठीं तो समुद्र पितो, व आंत आलेलें मीठ कल्ल्यांतून पुन्हा बाहेर काढतो. हा उद्योग क्षणभर थांबत नाहीं. आणि पुष्कळ विक्रेते रोगजंतु दबून राहावे म्हणून आपल्या टाक्यांत खारेपणा मुद्दाम कमी ठेवितात. तेथून उचललेला मासा एकदम पुऱ्या खाऱ्या पाण्यांत सोडला, तर त्याच्या शरीराची काय अवस्था होत असेल!

याशिवाय कारणें आणखीहि आहेत. फिलिपाइन्सच्या बाजूस १९६० नंतरच्या दशकांत शोभेच्या माशांस सायनाइड फवारून धुंद करून पकडण्याची चाल पडली. असा मासा त्या वेळीं वांचला तरी पुढें कांहीं आठवड्यांनीं, भरल्या पेटींत, कारण न कळतां मरतो. कित्येक जातींचे फुलपाखरी मासे प्रवाळाच्या जिवंत कीटकांवर जगतात, व दुसरें अन्न पुढें असतांहि उपाशी मरतात. नव्यास जुने मासे जागा देत नाहींत. नव्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो, म्हणून त्यास आधीं कांहीं आठवडे निराळ्या पाण्यांत ठेवावें लागतें. आमच्या पेटीस यांतल्या एकाहि कारणाची जरुरी पडली नाहीं.

या साऱ्या वाचनानंतर एके दिवशीं बहिणीच्या घरीं मासळी घेऊन येणाऱ्या एका वृद्ध ढिवरास आम्हीं ही हकीकत सांगितली. तो दर पावसाळ्यांत तलावांत बोटुकली सोडणारा. समुद्राचें त्यास काय ठाऊक, असें आम्हांस वाटत होतें. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, "पान्याले पानी वळखू द्याव लागते, भाऊ." पिशवी उघडण्याआधीं तलावावर तरंगत ठेवण्याची रीत तो कित्येक वर्षें पाळीत आला होता. म्हणजे जें ज्ञान आम्हीं पुस्तकांतून धुंडून काढलें, त्याचा निम्मा भाग आमच्या दारावर आठवड्यांतून दोनदां टोपली घेऊन येत होता. उरलेला निम्मा आमच्या घरांतच सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडीं होता, आणि त्यास आम्ही हंसलों होतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अजाणतेपणीं झालेल्या पातकाची जबाबदारी किती? महाभारताच्या आदिपर्वांत अणीमांडव्य ऋषीची कथा आहे. चोरीच्या खोट्या आळावर राजानें त्यास सुळावर चढविलें. पुढें त्यानें धर्मराजास विचारलें, माझ्या हातून असें कोणतें पाप घडलें होतें? उत्तर मिळालें कीं, लहानपणीं तूं पाखरांच्या शेपटांत गवताची काडी टोंचली होतीस. यावर ऋषीनें धर्मासच शाप दिला, व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचें कृत्य पाप म्हणून गणूं नये अशी मर्यादा घालून दिली. आम्हांस ही कथा फार मोलाची वाटते, कारण तींत अज्ञानास माफी आहे आणि त्या माफीस सीमाहि आहे. ज्यास कळणें शक्य नव्हतें तो सुटला. ज्यास विचारावयाचें सुचलें असतें तर कळलें असतें, त्याच्यासाठीं ऋषीनें कांहीं सवलत मागितलेली नाहीं. आमचा भाचा त्या मर्यादेच्या दोनच वर्षें पलीकडे आहे, आणि त्यानें तरी वाचलें होतें. आमच्या वयाचा उल्लेख येथें न केलेला बरा.

यावर कोणी म्हणेल, ज्या घरांत ढिवर मासळी घालतो, त्या घरांत तीन माशांचा एवढा शोक कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. तो आमच्या भाऊजींनींच घेतला. पण खाण्यासाठीं मासा घेणारा त्यास कांहीं वचन देत नाहीं. आपण काय करीत आहों हें तो जाणतो. पेटींत मासा ठेवणारा मात्र त्यास जगविण्याचें वचन देतो. त्यानें त्या प्राण्यास त्याच्या सृष्टींतून उचललें, तेव्हांच त्या सृष्टीचीं सगळीं कामें आपल्या शिरावर घेतलीं: लाटेचें काम, प्रवाळाचें काम, आणि दिसत नसलेल्या त्या जंतूंचें काम. तलावाचा मालक माशाचा मालकच असतो. पेटीच्या मालकास समुद्र व्हावें लागतें. एवढ्या मोठ्या पदावर आम्हीं चार दिवसांच्या तयारीनें आरोहण केलें होतें.

आणि खरा दोष, आमच्या मतें, पहिल्या मरणांत नाहींच. तो 'दुसरा आणूं' या पांच अक्षरी सहज वाक्यांत आहे. दुकानांत दुसरा मिळतो, खिशांत पैसे असतात, मुलाचें तोंड उतरलेलें असतें. म्हणून पहिला कां मेला हें विचारण्याआधींच दुसरा येतो. विकत मिळणाऱ्या जिवाचें हेंच दुर्दैव कीं त्याच्या मरणानें घरांत रिकामी जागा उरत नाहीं. घरची गाय मेली असती तर दुसरी आणण्यापूर्वीं गोठ्यांत काय बिघडलें हें दहा जणांस विचारलें असतें. आम्हीं केलेल्या हत्येस प्रेमाचें कारण होतें हें खरें. परंतु तें प्रेम माशावर नव्हतें, भाच्यावर होतें, आणि थोडें स्वतःच्या औदार्यावरहि होतें. मासा त्या प्रेमाचें साहित्य होता, पेढ्यांच्या पुड्यासारखा.

हें एका घरांत घडलें तसें एका राष्ट्रांतहि घडलेलें आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं लोकांसाठीं पहिलें मत्स्यगृह उघडलें. त्यामागें फिलिप हेन्री गॉस या भाविक सृष्टिशास्त्रज्ञाचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षीं त्याचें याच विषयावरचें पुस्तक निघालें, आणि घरोघर कांचपेटींत समुद्र ठेवण्याचें वेड पसरलें. हौशी लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं बापलेकांच्या जीवनाचें जें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें, त्यांत या गर्दीनें किनाऱ्यावरच्या खडकांतलीं सुंदर कुंडें कशीं ओस पडलीं, आणि आपल्या पुस्तकांचा तो परिणाम पाहून वडिलांस किती दुःख झालें, हें सांगितलें आहे. गॉसइतकें त्या जीवांवर प्रेम त्या काळीं क्वचितच कोणीं केलें असेल. त्याच्या ज्ञानांत उणीव नव्हती. त्याच्या वाचकांनीं त्यांतलें प्रेम तेवढें उचललें, व ज्ञान पुस्तकांतच राहूं दिलें.

मग पेटी ठेवूंच नये काय? आमच्या बहिणीचें मत असेंच आहे, व तें चुकीचें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. तथापि एक भेद केला पाहिजे. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांस हातच लावूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें त्यांस संरक्षण आहे. जो मासा पेटींत अन्न घेत नाहीं हें अनुभवानें ठरलेलें आहे, तो विकत घेणें म्हणजे त्याचें मरण विकत घेणें होय. पण विदूषक मासा आतां पेटींतच जन्मास घालतां येतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्रानें त्याचें तंत्र सिद्ध केलें आहे. असा मासा समुद्रांतून चोरलेला नसतो, आणि नीट ठेविला तर पेटींत वीस वर्षांहूनहि अधिक जगल्याचीं उदाहरणें आहेत. वीस वर्षें! आम्हीं त्यास वीस तास दिले.

शतपथ ब्राह्मणांतल्या मनूची या प्रसंगीं आठवण होते. हात धुतां धुतां त्याच्या ओंजळींत एक लहानसा मासा आला. मनूनें त्यास आधीं घड्यांत ठेविलें, मोठा झाल्यावर खड्ड्यांत, आणि तेथेंहि मावेना तेव्हां समुद्रांत नेऊन सोडलें. प्रत्येक वेळीं काय हवें हें मासाच त्यास सांगत होता. आमच्या माशास वाचा नव्हती. त्याच्या वतीनें बोलणारी एक कांचेची नळी बाजारांत मिळते. तींत पेटींतलें पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले कीं, अमोनिया असेल तर रंग हिरवा होतो, नसेल तर पिवळा राहतो. ती नळी भाच्यानें पहिल्याच यादींत लिहिली होती. अनावश्यक खर्च म्हणून वडील मंडळींनीं तीवर काट मारिली. त्या मंडळींत आम्हीहि होतों.

नळी आतां आली आहे. पेटी माशावांचून चालू आहे. मधल्या काळांत वाळूवर तपकिरी थर चढला, तेव्हां बहीण फडकें घेऊन पुसावयास निघाली. भाच्यानें तिचा हात धरला व हा मळ नव्हे, पाणी जिवंत होत असल्याची ही खूण आहे, असें समजाविलें. शेजारी येतात, रिकाम्या पाण्यांत डोकावतात, आणि वेड्यांच्या घरांतून निघावें तसे निघून जातात. सहावा आठवडा संपला त्या दिवशीं रात्रीं आम्हांस नागपुरास त्याचा दूरध्वनि आला. "मामाजी, आज नळी पिवळी आली." आम्ही म्हणालों, "मग रविवारीं आणूं का मासा?" पलीकडे थोडा वेळ पंपाचा आवाज तेवढा ऐकूं येत होता.

"नाही," तो म्हणाला, "अजून एक आठवडा पाहू."